स्पेनमधला बोंडू

आमच्या इमारतीत लाईट गेली की इन्व्हर्टरच्या आधी जनूभाऊ सुरू होतात.

जनार्दन भाटकर हे त्यांचं पूर्ण नाव. तळमजल्यावर एकटेच राहतात. जन्मभर मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. एवढं जग फिरून आलेल्या माणसाकडे सांगायला काय काय असायला हवं! पण जनूभाऊ कधी वादळाची गोष्ट सांगत नाहीत, की चाच्यांची नाही. ते फक्त एक पिच्चर सांगतात. स्पेनमधला. ऐन तारुण्यात तिथल्या कुठल्याशा बंदराला बोट लागली होती, बाहेर पाऊस होता, म्हणून हे एका थिएटरात शिरले. बंदराचं नाव दर वेळी वेगळं असतं. पिच्चरचं नाव तर त्यांना तेव्हाही वाचता आलं नव्हतं.

"भाषा येत नव्हती म्हणून तर कळला," असं ते वर सांगतात.

मी बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. "पावसची गाडी लागली काय?" आणि "लांज्याला आता कुठली?" यांना दिवसभर उत्तरं देऊन घरी येते, तेव्हा माझ्यात एक शब्द शिल्लक नसतो आणि पोटऱ्यांना गोळे आलेले असतात. नेमकी तेव्हाच लाईट गेलेली असते. उकाड्याने सगळे खाली पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसलेले असतात आणि जिन्याच्या तोंडाशी, मला चुकवून जाताच येणार नाही अशा जागी, जनूभाऊ.

"मंगल गो, बस. आताच सुरुवात झालीय."

सुरुवात मला पाठ आहे. मधलंही पाठ आहे. तरी बसते, कारण चौथ्या मजल्यावर चढून जायचं त्राण नसतं.

"तर तिथे भाऊबंदकी झालेली. आपल्याकडे कशी बांधावरनं होते, पायवाटेवरनं होते, तशीच. पण अख्ख्या देशाची. मेली ती माणसं मेली. उरली ती एकमेकांशी बोलेनाशी झाली. पिच्चर कसा, तर गप्प! आणि असल्या गप्प घरात एक पोरगी. एवढीशी. डोळे हे एवढे."

मग त्या गावात पिच्चरवाला येतो. पिच्चरमध्येच पिच्चर. त्यात एक राक्षस असतो. बाकीची पोरं राक्षस बघतात आणि घरी जाऊन जेवतात. या पोरीच्या डोक्यात मात्र तो राहायलाच येतो. तो खराच आहे आणि आपण हाक मारली की येईल, असं तिला वाटतं. जनूभाऊ त्याला देवचार म्हणतात. "रागावला तर वाईट, पण मुळात राखणदार." पोरगी त्याला शोधायला सड्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या उजाड कातळमाळावरच्या एका पडक्या खोपीत जायला लागते. जनूभाऊंच्या स्पेनमध्ये सडा आहे, कातळ आहे, खोपी आहे. नशीब, एसटीचा थांबा नाही.

मग तिच्या बापाचा विषय निघतो आणि जनूभाऊंचा आवाज चढतो.

"बाप मधाच्या पेट्या ठेवतो. माशांकडे बघत बसतो. माशा कुठे जातात ते सगळा ठाऊक, पोरगी कुठे जाते ते ठाऊक नाय. बाप काय कामाचा नाय!"

हे वाक्य ते इतक्या तिडकीने म्हणतात, की पार्किंगमधले सगळे बाप मान खाली घालतात.

शेवटी त्या खोपीत पोरीला खरोखरच कोणीतरी सापडतं. देवचार नव्हे. पळून आलेला, लपलेला, उपाशी असा एक परका माणूस. सैनिक असावा.

"तर तिने काय केलान? घाबरली नाय. त्याला काजूचा बोंडू दिलान."

काजूच्या या रसाळ फळाचं नाव निघालं की पहिल्या मजल्यावरचे सावंत खाकरतात. तलाठी होते. निवृत्त झाले तरी पुराव्याशिवाय कशालाही मान डोलवत नाहीत.

"स्पेनमध्ये बोंडू?"

"असतात. मी बघितलेत."

"अहो, काजू आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला."

"मग? पोर्तुगाल त्यांच्या शेजारालाच हाय!"

पिच्चर पुढे सरकायचा आणि लगेच संपायचाही. "मग त्या माणसाची रजा संपते. तो जातो. पोरगी येऊन बघते, तर खोपी रिकामी." पळून लपलेल्या सैनिकाला रजा कोण देतं, हे सावंतांनीसुद्धा कधी विचारलं नाही. कारण तोवर बहुतेक वेळा लाईट आलेली असायची आणि आम्ही सुटलो म्हणून उठायचो.

बाकी माणूस अतिशय चांगला. बोटीवरची सवय सुटली नसल्यामुळे आजही अख्ख्या बोटीच्या अंदाजाने आमटी करतात आणि मग ती इमारतभर वाटतात. मीठही समुद्राच्याच अंदाजाने असतं. पण दमून आल्यावर आयती आमटी मिळत असेल तर मी चव बघत नाही.

आणखी एक खूळ म्हणजे त्यांचा पांढरा शर्ट. लग्न असो, सत्यनारायण असो, मतदान असो, जनूभाऊ तोच शर्ट घालणार. कॉलर झिजलेली, पोटावर बटणं लागत नाहीत म्हणून आत बनियन, आणि खिशाच्या खाली तळहाताएवढा तपकिरी डाग. एकदा मी सहज म्हटलं, "द्या इकडे, लिंबू-मीठ लावून बघते." तर माझ्यावर असे खेकसले की पुढचे दोन दिवस आमटी आली नाही.

जनूभाऊंची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती मुलगी वैजयंती पुण्यात असते, वयाने साधारण माझ्याएवढीच. दर रविवारी तिचा फोन येतो आणि तो स्पीकरवर असल्यामुळे जिन्यात सगळ्यांना ऐकू येतो.

"जेवलात?"

"जेवलो."

"गोळी घेतली?"

"घेतली."

"बरं."

"बरं."

झालं. मग जनूभाऊ फोन धोतराच्या टोकाने पुसून टीव्हीवर ठेवतात आणि बराच वेळ त्याच्यासमोर बसून राहतात.

एकदा मी विचारलं, "वैजयंतीला सांगितलाय की नाही तुमचा पिच्चर?"

"तिला सांगायचा नाय. तिला दाखवायचा हाय," ते म्हणाले. "बाजूला बसवून. मेल्याचं नाव तेवढं कळायला हवं होतं गो. तोंडाने सांगायला गेलो तर तिच्यासमोर मला शब्द फुटत नाय. तिला मोठी होताना मी बघितलीच कुठे? दर रजेला घरी यायचो, तर वेगळीच पोरगी दाराआड उभी."

एवढं बोलून ते आमटी ढवळायला निघून गेले. मला वाईट वाटलं. पण त्या पिच्चरचं नाव मला तरी काय ठाऊक?

ते ठाऊक होतं देसाई सरांना. सर आमच्याच गल्लीत राहतात, कॉलेजात शिकवतात आणि अधूनमधून वाचनालयाच्या सभागृहात परदेशी सिनेमे दाखवतात. बघायला आठ-दहा जण येतात, त्यातले दोघे पंख्याखाली बसायला. या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी सर कुणाकडे तरी आले होते आणि लाईट गेली म्हणून खाली अडकले. जनूभाऊंनी त्यांनाही भाऊबंदकीपासून धरलं. सर आधी हसत होते. मधाच्या पेट्यांपाशी आल्यावर हसायचे थांबले.

"भाटकर, बोंडू सोडला तर हा सिनेमा मी पाहिलाय. जगभर नावाजलेला आहे. माझ्याकडे आहे तो."

जनूभाऊ उभे राहिले, परत बसले. "हाय?" एवढंच म्हणाले.

रविवारी सकाळी दाखवायचं ठरलं. जनूभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून पुण्याला फोन लावला आणि "ये," एवढं म्हणून ठेवून दिला. वैजयंती घाबरून रात्रीच्या गाडीने प्रेशर मोजायचं मशीन घेऊन हजर. बापाचं प्रेशर मोजलं. ते खरोखरच वाढलेलं होतं.

कार्यक्रमाच्या आधी जनूभाऊ चार मजले चढून माझ्या दारात. अंगात तो शर्ट.

"मंगल, पिच्चर वेगळा निघाला तर?"

"वेगळा कसा निघेल?"

"एकदाच तर बघितलाय. मग सांगता सांगता कायकाय त्यात जाऊन बसलं, माझा मला कळत नाय."

"मग राहू दे. बरं नाही म्हणून सांगा."

"आलीय ती," ते म्हणाले आणि कठड्याला धरून खाली उतरले.

सभागृह भरलं होतं. कलेवरच्या प्रेमाने नव्हे, सगळी इमारत बोंडू बघायला आली होती. पिच्चर खरंच गप्प होता. सुरुवातीला मला डुलकी लागली. जाग आली तर पडद्यावर उजाड माळ होता, पडकी खोपी होती आणि ती पोरगी, डोळे हे एवढे. जनूभाऊंनी डोळ्यांबद्दल तरी काही वाढवून सांगितलं नव्हतं. तिने त्या परक्या माणसापुढे हात केला आणि सावंत खुर्चीतून अर्धे उठले.

"सफरचंद! भाटकर, सफरचंद आहे हो!"

सभागृह हसलं. मीही हसले. माझ्या शेजारी वैजयंती मात्र हसली नाही, तिला काय चाललंय तेच कळत नव्हतं. मग पडद्यावर रात्र झाली आणि त्या खोपीवर गोळ्या झाडल्या गेल्या. रजाबिजा काही नव्हती. माणूस मेला होता. जनूभाऊंकडे पाहिलं तर ते पडद्याकडे बघतच नव्हते, जमिनीकडे बघत होते.

दिवे लागल्यावर ते सावंतांपाशी गेले. "तुमचा बरोबर होता," म्हणाले आणि लेकीसाठी न थांबता चालू लागले. मला सावंतांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला.

रस्त्यात वैजयंतीने विचारलं, "मंगलताई, सगळे कशाला हसले?"

मी सांगितलं. पिच्चर त्यांचा ठरलेला, त्यात पोरगी परक्या माणसाला काजूचा बोंडू देते म्हणतात आणि शेवटी त्या माणसाची रजा संपते. वैजयंती चालायची थांबली. वरून ऊन मी म्हणत होतं आणि ही रस्त्याच्या मधोमध उभी.

"तो बोंडू मी दिला होता," ती म्हणाली. "चार-पाच वर्षांची असेन. बाबा रजेवर आले होते. मी त्यांच्यासमोर जायचीच नाही. एवढा मोठा मिशीवाला माणूस आमच्या घरात काय करतोय, तेच कळायचं नाही. एके दिवशी ते झोपले होते, तेव्हा मी खुंटीवरच्या त्यांच्या शर्टाच्या खिशात बोंडू ठेवला. चांगला पिकलेला. तो फुटला, नव्या शर्टाला डाग पडला. काजूचा डाग, तो काय जातो? आईने मला मारलं. आणि दुसऱ्या दिवशी उठून बघते तर बाबा नाहीत."

"रजा संपली असेल."

"मला कोण सांगणार ते? मला वाटलं, मी शर्ट नासवला म्हणून गेले. किती वर्षं वाटत होतं. पुढे दर रजेला मी दाराआड असायची, ती परत काही नासवू नये म्हणून. आणि ते अजून तोच शर्ट घालतात. माझ्या लग्नातसुद्धा घातला होता. मला वाटायचं, मला आठवण करून द्यायला घालतात."

"अगं बाई," मी म्हटलं, "तो डाग काढून देते म्हटलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत ते."

ती तिथेच रस्त्यात रडली. मी छत्री तिच्या डोक्यावर धरून उभी राहिले. मग तिने डोळे पुसले आणि माझ्या धंद्यातला प्रश्न विचारला, "आजचं तिकीट आहे माझं. उद्या असते ना पुण्याची गाडी?"

"असते. परवाही असते. रोज असते," मी म्हणाले. एवढं लांबलचक उत्तर मी खिडकीत कुणाला देत नाही.

संध्याकाळी लाईट गेली. आम्ही खाली जमलो, पण जनूभाऊंचं दार बंद. अंधारात काय करायचं असतं ते कुणालाच सुचेना. सावंत उगाच पंखा हलवत बसले होते. थोड्या वेळाने वैजयंती बाहेर आली, जनूभाऊंची खुर्ची तिने नेहमीच्या जागी ठेवली आणि त्यांना हाताला धरून आणून बसवलं. शर्ट अजून अंगातच होता.

"बाबा, पिच्चर सांगा."

"बघितलास ना सकाळी."

"तो नाही. तुमचा."

जनूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी पाय लांब करून बसले. "सांगा हो. मी आत्ताच बसलेय."

"तर तिथे भाऊबंदकी झालेली," त्यांनी सुरुवात केली. आवाज नेहमीसारखा लागत नव्हता. बापापाशी आले तेव्हा "काय कामाचा नाय" हे कसंबसं म्हणाले. वैजयंतीने त्यांच्या खुर्चीच्या हातावर हात ठेवला. मग खोपी आली, परका माणूस आला.

"तिने त्याला काजूचा बोंडू दिलान." ते थांबले. "हातात नाय दिलान. शर्टाच्या खिशात ठेवलान नि पळाली. त्याला वाटला, पोरीने आपल्याला ओळखलान. तो शर्ट मग त्याने कधी टाकला नाय."

हे त्यांच्या पिच्चरमध्ये आजवर कधीच नव्हतं. पण सावंतांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "स्पेनमध्ये बोंडू?"

"असतात," वैजयंती म्हणाली. "मी बघितलेत."

तेवढ्यात लाईट आली. सगळ्यांचे डोळे दिपले. जनूभाऊंनी तोंड फिरवून बाहीने डोळे पुसले. आमच्यातलं कोणी उठेना. उठले ते सावंत. त्यांनी भिंतीपाशी जाऊन पार्किंगचा दिवा बंद केला आणि चाचपडत आपल्या खुर्चीत येऊन बसले.

"पुढे सांगा, भाटकर," ते म्हणाले. "त्याची रजा संपायची आहे अजून."