आक्काहून धाकटा

वय विचारलं की माझा मेव्हणा म्हादू तोंड उघडतो. दात मोजा म्हणतो. आमी शेळ्यामेंढ्यावाले. जनावराचं वय दातावरून सांगतो, मग माणसाचं काहून न्हाई? पर म्हादूचे चारच दात उरलेत. चार दाती म्हणजे ऐन जवान, असा त्याचा हिशोब.

लेकरू असतानाच त्याचा एक पाय वाळला. माझं लग्न झालं तवा बहिणीच्या मागं काठी टेकत पुसेगावात आला, तो राहिलाच. त्याला लंगडा म्हणा, हसतो. म्हातारा म्हणा, काठी उगारतो.

सरकारकडून त्याला अपंगाचा पगार होता. पण तो पासष्टीपर्यंतच. पुढं नवा अर्ज देऊन म्हाताऱ्यांच्या यादीत जायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं त्याला सहासष्टचा ठरवला. म्हादू अडून बसला, "मी तेवढा न्हाईच." पगार बंद. त्याची तंबाखू माझ्या गळ्यात. अन् हा मिशा काळ्या करून राहिला!

शेवटी सेनगावच्या कचेरीत नेला. जवानी दाखवायला यानं काठी माझ्या हातात दिली अन् एका पायावर उड्या मारत पायऱ्या चढला. कारकून बघतच राहिला. "बाबा, एवढे धडधाकट आहात, मग अपंग कशाला म्हणवता?"

म्हादू मटकन खाली बसला. "अपंग हाय साहेब. म्हातारा न्हाई."

काठी परत हातात देऊन मी त्याला बाहेर ओढला अन् शिव्या घातल्या. "गाढवा, म्हातारा व्हायला तुझ्या बापाचं काय जातंय? पगार तर मिळंलच की!"

तो काठीनं माती उकरत राहिला. "दाजी, आक्का चौसष्टीत गेली. मी तिच्याहून धाकटा. धाकट्यानं थोरलीच्या पुढं कसं जावं?"

चूल थंड पडल्यापासून घरात तिचं नाव आमी दोघंबी काढत नव्हतो.

मग म्हणलो, "येड्या, ती असती तर तिचंबी वय वाढलं असतंच की. आज अडुसष्टची असती. तुझ्या पुढंच."

त्यानं बोटांवर हिशोब केला. मग आत जाऊन टेबलाला धरून उभा राहिला.

"साहेब, आधी आक्काचं लिहा, अडुसष्ट. मग माझं, सहासष्ट."

"आक्का कोण?"

"थोरली बहीण."

"कुठं असतात?"

म्हादूनं माझ्याकडं बघितलं.

"घरी हाय," मी म्हणलो.