रामटेके सरांची बांधी

कोणासाठी मुलगी पाहायला गेले की आमचे रामटेके सर तिला स्वयंपाक, शिवण असलं काही विचारत नसत. पोह्यांची बशी हातात घेऊन म्हणत, "बेटा, ग्लीन म्हणजे काय?" मुलगी रडकुंडीला येई. पुढेपुढे आंधळगावात त्यांना कोणी सोबत नेईनासं झालं.

सर आमच्या शाळेत इंग्रजी शिकवत, मी भूगोल. अख्खी पृथ्वी आपल्याच पर्समध्ये असल्यासारखी मी तेव्हा चालायची. उंच टाचांनी दोनदा चिखलात पाडलं, तरी ऐट गेली नाही. आता नात हात धरते तेव्हा कुठे उंबरा ओलांडते.

जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, तेव्हा आम्ही सगळे बदलीच्या धास्तीत. सर मात्र ग्लीनमध्ये. ग्लीन म्हणजे सरवा वेचणं, कापणीनंतर दुसऱ्याच्या बांधीत, धानाच्या शेतात सांडलेली लोंबं गोरगरिबांनी उचलणं. इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून घेतला, फ्रेंचांनी लॅटिनमधून, आणि त्याआधी तो बहुतेक गॉल देशातल्या शेतकऱ्यांचा.

"राजे बदलले, मॅडम. बाई तशीच वाकून राहिली."

कुठलाही शब्द आला की सर विचारत, "याची माय कोन?" त्यांची पाठ वळली की मी नक्कल करायची आणि स्टाफरूम हसायची.

निवृत्तीनंतर त्यांनी तलावाखाली एक बांधी घेतली. पहिल्याच कापणीला धान कापणाऱ्या बायांना ताकीद दिली, सांडलेलं कोणी उचलायचं नाही. मास्तर पागल झाला, असं बाया सांगत सुटल्या. मी मजा पाहायला गेले. भारे केव्हाच खळ्यावर गेले होते. सर बांधावर एकटेच, शेजारी चहाचा थर्मास आणि कपांची चळत.

"कोणाची वाट पाहून राहिले, सर?"

"सरवा वेचनाऱ्यांची."

मी म्हटलं, आता घरोघरी रेशनचा तांदूळ येतो, कोण येणार? चांगलंच झालं, असं तेही म्हणाले. मग थर्मासचं झाकण आवळत सांगू लागले.

"मायनं मले सरव्यावर वाढवलं. एका बांधीवाल्यानं हाकललं, तं ओटीतली लोंबं तिथंच झटकून निघाली. तवाच ठरवलं, आपली बांधी झाली का कोनाले हाकलाचं नाही."

ऊन उतरलं. कपांच्या चळतीवर धूळ बसली होती.

मी चपला काढल्या, पदर खोचला आणि बांधीत उतरले. धसकटं पायाला टोचत होती. चार लोंबं ओटीत घेतली, कंबर कुरकुरली. झटपट आटपावं म्हणून हात भराभर चालवले, तर बांधावरून सरांचा आवाज आला, कधी न ऐकलेला.

"सावकाश वेच, माय. कोनी हाकलत नाही तुले."