जावयांची कचोरी-परीक्षा

आमच्या धुळ्याच्या गल्लीत कुणाकडे मुलगा मुलगी बघायला आला, की पोह्यांच्या बशा उचलल्या जाईपर्यंत नाना दारात हजर. "चाला जावईबापू, तुमले धुळं दखाडस!" मुलाला वाटायचं, काय हौशी माणसं आहेत! बिचाऱ्याला ठाऊक नसायचं, की बैठकीतली पाहणी नुसती नावाची होती. खरी आता सुरू झाली.

नाना जकात नाक्यावरून निवृत्त झालेले. ट्रकातला माल तपासायची सवय काही सुटली नव्हती, माल तेवढा बदलला होता. "बैठकमा समदा गाय बनीसन बसतस," ते म्हणत. "माणूस कचोरीनी गाडीवर समजस."

बसस्टँडजवळची कचोरी, मग एका कागदावर सगळ्यांनी मिळून खायचा मुरमुऱ्यांचा भत्ता, मग शेवभाजी आणि शेवटी कुल्फी, असा तो दौरा. मी साक्षीदार म्हणून सोबत असे. साक्षीदाराला फुकट खायला मिळतं, एवढंच माझं समाजकार्य.

नाशिकच्या एका इंजिनिअरची जीभ शेवभाजीच्या तर्रीने पोळली आणि तो हॉटेलवाल्यावर खेकसला. नानांनी तिथल्या तिथे निकाल लावला. "तोंडमा तिखट गयं त माणूसवर भुंकस. उद्या मीठ कमी पडनं त बायकोवर हात उचली." स्थळ बाद! खुद्द माझ्या मावसभावाला त्यांनी भत्त्यातले शेंगदाणे वेचताना पकडलं. "हाऊ वाटणीले भाऊनं घर फोडी," म्हणाले. माझी मावशी वर्षभर आमच्याशी बोलली नाही. मावसभावाने पुढे भावाशी भांडून घराच्या मधोमध भिंत घातली, पण तेवढ्यावरून नानांना शहाणं म्हणायला मी तयार नाही. मुलींचे बाप मात्र या बिनपगारी फौजदाराचा शब्द झेलत.

मग नानांच्या सुमनलाच स्थळ आलं. नानी जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात बापलेक दोघंच. मुलगा पहूरचा, शाळेत मास्तर. "लै लांब शे," नाना सकाळपासून पुटपुटत होते. पहूर म्हणजे काय लंका आहे? दुपारची एसटी धरली तर माणूस दिवेलागणीला पोचतो. सुमनने मला ओट्यावर गाठून हळूच सांगितलं, "भाऊ, मला पसंत आहे. बाबांना उगाच काही खोट काढू देऊ नका."

दौरा निघाला. मुलाने कचोरीवाल्याला 'भाऊ' म्हटलं. भत्त्याचा कागद आधी आमच्याकडे सरकवला. तर्रीने डोळ्यांत पाणी आलं, तर स्वतःच हसला. कुल्फी संपली तसा नानांचा चेहरा उतरला.

"चाला, आजून एक चक्कर मारूत."

पुन्हा कचोरी, पुन्हा भत्ता. माझ्यासारख्या खादाडाने हात जोडले, पण तो पोरगा मुकाट्याने खात राहिला. तिसऱ्यांदा कचोरीच्या गाडीकडे वळलो तेव्हा त्याने घाबरत विचारलं, "नाना, माझं काही चुकलं का?"

"तेच त सापडी नही राहिनं!" नाना वैतागून म्हणाले.

घरी आलो. मुलगा आत गेला आणि नाना ओट्यावरच बसले. आत दोन्हीकडची मंडळी निकालाची वाट बघत होती, पडद्याआड सुमन उभी होती.

"खोट सापडनी नही रे भो," नाना मला म्हणाले. "एखादी सांगी देऊ का?"

एरवी त्यांची टिंगल करायला माझी जीभ नुसती शिवशिवत असे. त्या वेळी मला गलबलून आलं.

नाना उठले. बैठकीत जाऊन मुलासमोर उभे राहिले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"पोऱ्या बेस शे," ते म्हणाले. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून, बाकी कुणी तिथे नसल्यासारखं बोलले, "सुमीले तिखट सोसत नही. भाजीमा तिखट टाकाना पहिले तिनी वाटी काढी ठेवा. मी ठेवस."