ल्युबितीची नातवंडं

आमच्या वरच्या मजल्यावरचे सबनीसकाका लिफ्टमध्ये शिरले की आधी बटण दाबत नाहीत, शब्द उच्चारतात. "ल्युबिती!" पहिल्यांदा मला ते औषधाचं नाव वाटलं.

ते क्रियापद आहे. अर्थ, प्रेम करणे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या स्लाव लोकांचं. ते कुठेच लिहिलेलं सापडलेलं नाही, म्हणून छापताना त्याच्या आधी, हा अंदाज आहे अशी खूण म्हणून, तारा काढतात. "नातवंडांच्या नाकांवरून पणजोबा शोधलाय पंडितांनी!" काका सांगतात. मग पाचवा मजला येईपर्यंत नातवंडं: रशियन माणूस या शब्दाने प्रेम करतो, पोलिश माणसाला नुसतं आवडतं, सर्ब थेट मुका घेतो. "आणि आपण? त्याच मुळातून लोभ काढला! लाज वाटते का?"

मला कशाची लाज? तरी वाटते. कुणी आवाज चढवला की चूक माझीच असणार, असा माझा स्वभाव. म्हणून निमूट ऐकतो, मनात बोटं मोडतो, आणि मग बोटं मोडल्याचंही वाईट वाटून घेतो.

एकदा इथल्या सियालदहच्या बाजारात त्यांनी बंगाली मासेवाल्याला इलिश माशाचा लोभ आणि मॉस्कोतलं प्रेम यांचं नातं समजावायला घेतलं. मागचे लोक ओरडायला लागले, "ओ दादू, एगोन ना!" म्हणजे, आजोबा, पुढे सरका ना. दादू हलले नाहीत. मासा दुसऱ्याने नेला.

काकू म्हणतात, "आठ भाषांतलं प्रेम येतं यांना. माझ्याशी बोलतात ते 'पंखा लाव'."

परवा काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. काकांबरोबर जायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी रजा टाकली. स्ट्रेचर दाराशी थांबलं.

"आता तरी बोला काहीतरी," काकू म्हणाल्या. "मराठीत."

काकांनी काकूंची टोपीबाहेर आलेली बट आत सारली. "आत गारठा असेल," ते म्हणाले. "पांघरूण मागून घे."

दार लागलं. आम्ही बाकावर बसलो. काका गप्प. हीच शांतता मी किती वर्षं देवाकडे मागितली होती! आता ती सोसवेना. शेवटी मीच म्हणालो, "काका, चेक लोक काय करतात हो त्या शब्दाचं?"

त्यांना ऐकूच आलं नाही. काकूंचा चष्मा ते सदऱ्याच्या टोकाने पुसत होते, पुन्हा पुन्हा, तीच काच.

"अरे, सिस्टरला सांगशील? शुद्धीवर आली की आधी चष्मा द्या म्हणावं. दिसलं नाही की घाबरते ती."

"तुम्हीच सांगा ना. तुमचं बंगाली माझ्यापेक्षा चांगलं आहे."

"हो," ते म्हणाले. "आत्ता आठवत नाहीये."