परिशिष्ट नऊमधला आवाज

त्या सोमवारी टाचणीरावांना सर्दी झाली नसती, तर शहराचा नवा उड्डाणपूल ठरल्या जागीच झाला असता आणि हे सांगायची वेळच आली नसती.

महापालिकेच्या पर्यावरण कक्षात ते बावीस वर्षं कारकून होते. अंगाने टाचणीसारखे, आणि दिवसभराचं काम कागदांना टाचण्या लावायचं. त्यामुळे खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. मोठा प्रकल्प आला की त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा जाडजूड अहवाल तयार होई, लोकांना जनसुनावणीला बोलावलं जाई, लोक येत नसत आणि प्रकल्प मंजूर होई. कुणाचीच तक्रार नव्हती.

हा पूल बाळंतपणाच्या दवाखान्याच्या खिडक्यांना जवळजवळ घासून जाणार होता. म्हणून नियमाप्रमाणे तिथे तीन दिवस, सकाळी सहा ते नऊ, आवाज मोजायचा होता. साहेबांनी मोजायचं यंत्र टाचणीरावांच्या हाती दिलं, सोबत रकाने आखलेली वही. दर पाच मिनिटांनी, आणि मध्येच आवाज चढला तर तेव्हाही, आकडा, आवाजाचा स्रोत आणि कारण.

सोमवारी पहाटे नाक चोंदलेलं, डोकं जड, बाहेर बोचरा वारा. टाचणीरावांनी गादीवर बसून विचार केला, की आवाज तो आवाज. दवाखान्यातला काय नि घरातला काय. यंत्र त्यांनी स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांच्या आड ठेवलं आणि चहाचा कप घेऊन समोर वही उघडून बसले.

जागेच्या बाबतीत त्यांनी लबाडी केली, पण नोंदींच्या बाबतीत त्यांना ती जमेना. (बावीस वर्षं खऱ्या नोंदी करून माणूस बिघडतो.) तेव्हा वहीत असं उतरलं:

‘६.४० – कुकरची शिट्टी – ९१ डेसिबल.
७.०५ – मानवी आवाज, स्त्री, सलग – ८४. कारण: ओला टॉवेल गादीवर.
७.१० – मानवी आवाज, पुरुष, उत्तरादाखल – ३८.
७.११ – मानवी आवाज, स्त्री – ८९. कारण: मागील उत्तर.’

तीन दिवसांची सरासरी चौऱ्याऐंशी आली. वही तज्ज्ञ सल्लागारांकडे गेली. तज्ज्ञांनी दवाखाना पाहिला नव्हता, पण आकडे पाहिले आणि लिहून टाकलं, की दवाखान्यापाशी मुळातच एवढा गोंगाट आहे, पुलाने काही फरक पडणार नाही. वही जशीच्या तशी परिशिष्ट नऊ म्हणून जोडली गेली आणि अहवालाची पानं झाली सहाशे बारा. टाचणीरावांनी त्यांच्या शंभर प्रती बांधल्या आणि एकही वाचली नाही.

आता सुनावणी. मागच्या सुनावणीला तीन माणसं आली होती, त्यातला एक पंख्याखाली बसायला. वरून पत्र आलं, की यापुढे किमान पंधरा नागरिक हवेत. साहेबांनी सगळ्यांना आपापली माणसं आणायला सांगितलं. टाचणीरावांनी घरी विषय काढला. नुसतं बसायचं, चहा-बिस्किटं मिळतील, असं सांगितल्यावर बायको शेजारच्या पाच जणींना घेऊन यायला तयार झाली.

एक गोष्ट मात्र ते विसरले. औषधाच्या बाटलीबरोबर येणारी बारीक अक्षरांची चिठ्ठी दोन्ही बाजूंनी वाचून काढणारी ही बाई. सभागृहात साहेब यायला पाऊण तास उशीर झाला, आणि टेबलावर अहवालाच्या प्रती मांडलेल्या होत्या.

सुनावणी सुरू झाली तेव्हा पहिल्यांदा दवाखान्याची मोठी सिस्टर उठली. तीस वर्षं तिथे काढलेली बाई, कडक इस्त्रीची. तिने विचारलं, की आमच्याकडे सकाळी सात वाजता बाळाची जांभई ऐकू येते, मग हे चौऱ्याऐंशी कुठून आले? साहेबांनी तज्ज्ञांकडे पाहिलं. तज्ज्ञांनी मोजणी शास्त्रशुद्ध असल्याचं सांगितलं.

मग टाचणीरावांची बायको उठली. हातात अहवाल, एक बोट पानांत. टाचणीराव कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून सगळ्यांचं बोलणं लिहून घेत होते. तिने घसा खाकरला आणि इतक्या हळू आवाजात सुरुवात केली, की त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, आणि तो आवाज त्यांनी फक्त दोनदा ऐकला होता.

“साहेब, मला एवढंच सांगा. सोमवारी सात वाजून पाच मिनिटांनी दवाखान्यातल्या गादीवर ओला टॉवेल कोणी टाकला होता?”

तज्ज्ञ म्हणाले, की परिशिष्ट नऊमधल्या किरकोळ तपशिलात जायचं कारण नाही. तिने शांतपणे पुढचं पान उलटलं आणि तज्ज्ञांनी सुचवलेला उपाय सगळ्यांना वाचून दाखवला: ‘आवाजाचा मुख्य स्रोत कायमस्वरूपी असून सूर्योदयापासून कार्यरत असतो. तो अन्यत्र हलवावा. ते शक्य नसल्यास त्याच्याभोवती तीन मीटर उंच ध्वनिरोधक भिंत उभारावी.’

“तर ही भिंत,” ती म्हणाली, “माझ्याभोवती बांधणार, की यांच्याभोवती?”

आणि तिने बोट दाखवलं. सगळं सभागृह वळून बघू लागलं. टाचणीरावांनी सवयीने ‘यांच्याभोवती’सुद्धा लिहून घेतलं.

“यंत्र कुठे ठेवलं होतं?” साहेबांनी विचारलं.

“फळीवर, साहेब.”

“दवाखान्याच्या?”

“आमच्या.”

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्कन हसलं आणि मग हशा पसरतच गेला. मोठी सिस्टर तेवढी हसली नाही. ती त्यांच्या टेबलाशी आली आणि म्हणाली, “भाऊ, आमच्याकडे सातव्या महिन्यात जन्मलेली बाळं असतात. दार जरा जोरात लागलं तरी दचकतात. तुम्ही एकदा येऊन बघायला हवं होतं.”

त्याक्षणी टाचणीरावांना खरोखरच कुठेतरी अन्यत्र हलवलं जावंसं वाटलं.

फेरमोजणीचा हुकूम निघाला. तीन दिवस पहाटे मफलर गुंडाळून ते दवाखान्याच्या अंगणात बसले. सिस्टर शेजारी उभी. त्यांची प्रत्येक शिंक ती वहीत लिहायला लावी. शिंकांसकट सरासरी एकोणचाळीस भरली. घरी त्या दिवसांत बायको एक शब्द बोलली नाही. इतकी शांतता त्यांनी शहरात कुठेच मोजली नव्हती, आणि इतकी त्यांना कशाचीच भीतीही वाटली नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन टॉवेल दोरीवर वाळत घातला. ती म्हणाली, “चिमटा लावा.” टाचणीरावांना अगदी गहिवरून आलं.

पुलाचा मार्ग बदलला. दवाखाना वाचला, सिस्टरने कक्षात पेढे वाटले, आणि टाचणीरावांना आपल्याच सर्दीचा थोडा अभिमान वाटू लागला. तेवढ्यात नवा नकाशा टेबलावर आला.

इंजिनियर मंडळींना आता अशी जागा हवी होती, जिथे आधीच इतका गोंगाट आहे की पुलाने काही बिघडणार नाही. सरकारी कागदोपत्री शहरात अशी एकच जागा सिद्ध झालेली होती, अधिकृत कर्मचाऱ्याच्या सहीनिशी. नकाशावरची लाल रेघ टाचणीरावांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून चार हातांवरून जात होती.

पुन्हा जनसुनावणी लागली. या वेळी बायकोने त्यांनाच उठवलं. टाचणीराव आयुष्यात पहिल्यांदा माईकपाशी गेले आणि पाच मिनिटं असे तळमळून बोलले, की शेजारच्या पाचही जणींनी टाळ्या वाजवल्या आणि बायकोने पदराने डोळे टिपले. साहेबसुद्धा हेलावले. म्हणाले, की हरकत रीतसर नोंदवून घ्या.

नोंदवून घ्यायला दुसरं कोण होतं? टाचणीराव आपल्या टेबलाशी परत आले, रजिस्टर उघडलं आणि स्वतःची हरकत सुवाच्य अक्षरात लिहू लागले. चौथ्या ओळीवर आले तेव्हा त्यांचं शेजारच्या रकान्याकडे लक्ष गेलं. बावीस वर्षांच्या सवयीने हाताने तिथे आधीच शेरा मारून ठेवला होता: ‘हरकतीत तथ्य आढळत नाही.’

खाली सहीसुद्धा केली होती.