दत्तूकाकांचा बर्फातला रूट

आमच्या दत्तूकाकांनी आयुष्यात बर्फ पाहिलाय तो उसाच्या रसात. तरी परदेशातल्या एका बर्फाच्या डोंगरावरून खाली कसं यायचं, हे अख्ख्या चिंचवडमध्ये त्यांच्याइतकं कुणी सांगू शकणार नाही. पायांना लांब पट्ट्या बांधून लोक त्या डोंगरावरून घसरतात म्हणे. त्याचा भलामोठा नकाशा काकांनी हॉलमध्ये देवघराशेजारी चिकटवलाय. सकाळचा चहा झाला की चष्मा लावून, हातात पट्टी घेऊन त्याच्यासमोर उभे!

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. "जरा येऊन बघ गं पोरी," अशी हाक आली की माझी कंपनीची बस चुकलीच म्हणून समजा.

काकांनी जन्मभर चाकणच्या एका कारखान्यात कामगारांच्या बसचे रूट आखले. दापोडीचा माणूस कुठे चढणार, काळेवाडीची गाडी हायवेला किती वाजता लागली पाहिजे, सगळं तोंडपाठ. आणि बस कुणासाठी थांबायची नाही. एकदा सख्खे साडू मागून पळत येताना आरशात दिसले, तर काका ड्रायव्हरला म्हणाले, "पळू दे, तब्येतीला बरं असतंय." रिटायर झाले, काकी गेल्या, पण रूट काही सुटला नाही.

"हे बघ," पट्टी नकाशावर टेकवून ते सुरू करायचे, "हिरवी रेघ म्हंजी सोपा उतार, नवशिक्यांचा. निळी म्हंजी जरा हात बसल्यावर. आन् ही काळी चौकट दिसली की तिकडं फिरकायचं न्हाई, थेट हाडाचा डॉक्टर! वर जायला तारेवरचा पाळणा, खाली यायला उतार. समदं वन-वे. हितं चुकून निळ्यावर वळलीस तर माघारी फिरायचं न्हाई. पार खाली जायचं आन् पुन्हा पाळणा धरायचा."

"पण काका, आपण कधी जाणार आहोत तिकडे?"

"आधी रूट, मग प्रवास." हे त्यांचं पालुपद.

त्यांनी सोसायटीची वाटणीसुद्धा करून टाकली होती. माझ्या सासूबाईंना हिरवी, मला निळी. सेक्रेटरींना मात्र थेट काळी चौकट, कारण त्यांनी काकांच्या स्कूटरची पार्किंगची जागा हलवली होती. नकाशाच्या कोपऱ्यात पाळणे चार वाजता बंद होतात असं छापलेलं. त्यावर काका महिनाभर धुमसत होते. "सेकंड शिफ्ट न्हाई? कसली मॅनेजमेंट हाय ही?"

आम्ही पोट धरून हसायचो. मी तर कंपनीत डबा खाताना त्यांची नक्कल करून दाखवायची. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

एका रविवारी मी काकांची रूट लिहून ठेवायची वही चाळत बसले होते. धुक्याच्या दिवसाचा रूट, गर्दीच्या दिवसाचा रूट, गुडघे दुखतील त्या दिवसाचा रूट. आणि प्रत्येक रूट डोंगराच्या मध्यावरच्या एकाच कँटीनपाशी जाऊन थांबायचा. नकाशावर त्याच्याभोवती पेनाने गोल केलेला. वहीत लिहिलेलं, 'थांबा, दहा मिनिटं.'

"अहो, लोक तिथे घसरायला जातात आणि तुम्ही चहाला!" मी म्हणाले. "एवढं काय सोनं वाटतात त्या कँटीनमध्ये?"

काकांनी पट्टी खाली ठेवली.

"पूनम कामाला हाय तिथं."

पूनम त्यांची एकुलती एक मुलगी. चार वर्षांपूर्वी परदेशी गेली, इतकंच मला ठाऊक होतं.

"जाऊ नको म्हणत हुतो मी. ऐकलं न्हाई. निघायच्या दिवशी म्हणाली, पप्पा, विमानतळावर सोडायला या. मी म्हणलं, मला ड्यूटी हाय." ते खाली बघूनच बोलत होते. "सुट्टी हुती गं त्या दिवशी. तिथनं दोनदा फोन केला तिनं. मी उचलला न्हाई. मग हा नकाशा धाडला, गोल करून. त्याला बी उत्तर दिलं न्हाई मी."

मला असा संताप आला! "मग इथे कागदावर काय रेघोट्या ओढताय? फोन करा!" मीच त्यांच्या मोबाइलवर नंबर शोधला, लावला, स्पीकर चालू केला आणि त्यांच्यापुढे धरला.

"हॅलो?" तिकडून पूनम.

काकांनी घसा खाकरला. चार वर्षांनी बाप लेकीशी काय बोलला असेल? "त्या कँटीनकडं हिरव्यानं यायचं का निळ्यानं?"

 पलीकडून रडवेला आवाज आला, "पप्पा, ते काम सोडून दोन वर्षं झाली. मी आता समुद्राकाठच्या गावात असते, एका हॉटेलात. इथे बर्फ नाही पडत." आणि मग, "तुम्ही जेवलात का?"

काकांनी नुसती मान हलवली. फोनवर मान हलवलेली तिला कशी दिसणार? शेवटी मीच सांगितलं, "जेवलेत गं. करतील ते परत फोन."

फोन ठेवल्यावर त्यांनी नकाशावरच्या त्या गोलावर बोट टेकवलं. "दोन वर्षं रोज जात हुतो मी," म्हणाले. "आन् पोर तिथं नव्हतीच."

त्यांना धीर द्यायला मी म्हणाले, "बरंच झालं की काका! ना डोंगर, ना पाळणा. आता रूट आखायची भानगडच नाही."

"तीच तर पंचाईत हाय, पोरी," काका म्हणाले. "आता थेट तिच्या दारात उभं राहावं लागंल. आन् तिथं काय बोलायचं, ते मी अजून कुठं ठरवलंय?"