पाठ फिरवून हसणारे मुखेडकर

आमच्या घरातल्या फोटोंमध्ये एक पाठ आहे. राखाडी सफारी, मानेवर पांढऱ्या केसांची झालर, डावा खांदा जरासा खाली. वास्तुशांतीच्या फोटोत ती पाठ आहे, नवऱ्याच्या पन्नाशीच्या फोटोत आहे, आणि सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या फोटोत तर सासूबाईंच्या शेजारीच आहे. पाहुणे विचारतात, हे कोण? आम्ही सांगतो, हे शेजारचे दिगंबरराव मुखेडकर. फोटो काढणारा 'स्माइल' म्हणाला की ते वळतात.

फोटोचंच असतं तर एक वेळ समजलं असतं. पण हसू आलं की हा माणूस पाठ फिरवतोच. चिक्कडपल्लीतल्या आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी काही गंमत केली की मुखेडकर खुर्चीसकट भिंतीकडे तोंड करतात, त्यांचे खांदे चार-सहा वेळा हलतात आणि खुर्ची पुन्हा सरळ होते. चेहरा असा, की आत्ताच कुणाला तरी पोचवून आलेत. खालच्या मजल्यावरच्या रेड्डीगारूंना बरेच दिवस हा मानेचा आजार वाटत होता. त्यांनी कोठी भागातल्या एका हाडांच्या डॉक्टरचा पत्तासुद्धा आणून दिला होता.

मी पुण्याची. नऊ वर्षांपूर्वी नोकरीसाठी हैदराबादला आले. काम सॉफ्टवेअर तपासण्याचं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि चारचौघांत दाखवायच्या. नवरा म्हणतो, कंपनी तुला उगाच पगार देते, तू हे फुकटातही केलं असतंस. असा शेजारी भिंतीपलीकडे राहत असताना मी गप्प बसणं शक्य नव्हतं. मी त्यांना मानेचे व्यायामही सुचवून पाहिले.

पण त्यांच्याविषयी पहिल्यांदा सांगितलं ते एका रिक्षावाल्यानं. मी पत्ता सांगितला तर तो मागे वळून म्हणाला, "टीवी वाले दिगंबर साब की बिल्डिंग?" आणि मग सिग्नल सुटेपर्यंत त्यानं मला मुखेडकरांची कारकीर्द ऐकवली.

मुखेडकर फुटबॉल खेळायचे. निजामाच्या वेळी मराठवाड्यातून इकडे आलेलं शेतकऱ्याचं घराणं, वडिलांची इच्छा मुलानं वकील व्हावं अशी, आणि मुलाचा जीव डाव्या पायात. एका सरकारी खात्याच्या टीमनं त्यांना उचललं. नोकरी कारकुनाची, काम फुटबॉलचं. सकाळी मस्टरवर सही करून जे मैदानावर जायचे ते दुसऱ्या दिवशीच्या सहीलाच ऑफिसात उगवायचे. वीस वर्षांत एकही फाइल उघडली नाही, हे ते आजही अभिमानानं सांगतात. डाव्या बाजूनं पळत जायचं आणि गोलासमोर बॉल टाकायचा. तिथे मुनीर नावाचा त्यांचा जोडीदार उभा असायचा, तो डोक्यानं गोल मारायचा. "माझे सगळे गोल मुनीरच्या डोक्यानं झाले," असं मुखेडकर म्हणतात. लग्न का केलं नाही विचारलं तर म्हणतात, "ऑफसाइड राहिलो."

गुडघा गेला तेव्हा केबलवरच्या एका स्थानिक वाहिनीनं त्यांना खेळाच्या बातम्या सांगायला बसवलं. बातम्या उर्दू वळणाच्या, आणि मुखेडकर शिकलेले मराठी शाळेत. त्यामुळे त्यांना सगळा कागद देवनागरीत लिहून द्यावा लागे. ते 'आदाब, नमस्कार, नमस्कारम्' एका दमात म्हणत, बातम्या वाचत आणि शेवटी हसत. त्या हसण्यावर निम्मं हैदराबाद खूश होतं. कोठीतल्या एका दातांच्या डॉक्टरनं तर दवाखान्याच्या पाटीवर त्यांचा हसरा फोटो लावला. पुढे मुखेडकरांनीच हात जोडून तो काढायला सांगितला, तेव्हा डॉक्टर म्हणाला, साब, आधा दवाखाना इसी पे चलता. फोटो अजून तिथे आहे. मुखेडकर त्या गल्लीतून जात नाहीत. साधी ॲस्पिरिन आणायची तरी वळसा घालून जातात.

त्यांचं एक तत्त्व आहे, 'फर्स्ट टच'. बॉल पायात आला की मारायचा, बघत बसायचं नाही. हे मैदानावर ठीक असेल. पण मुखेडकर भाजीसुद्धा फर्स्ट टचनं घेतात. हाताला लागेल ती भेंडी पिशवीत. त्यामुळे त्यांच्या घरी कायम जून भेंडी शिजते. एकदा लग्नाला म्हणून निघाले, पहिला दिसला त्या हॉलमध्ये शिरले, नवरा-नवरीला आशीर्वाद देऊन, स्टीलचा डबा देऊन, जेवून घरी आले. लग्न समोरच्या हॉलमध्ये होतं. मी विचारलं, काका, नवरीचा चेहरा तरी बघायचा होतात. तर म्हणाले, "बघत बसलो की डिफेंडर येतोय, ताई."

मी हसले. ते भिंतीकडे वळले.

नवऱ्याच्या पन्नाशीचे फोटो आले आणि त्यात पुन्हा ती पाठ बघितली, तेव्हा मात्र मी सरळ त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, काका, आज कारण सांगितल्याशिवाय मी हलणार नाही. त्यांच्या घरात दुपारीही पडदे ओढलेले असतात. भिंतीवर एकही कप नाही, एकही मेडल नाही. टीव्हीवर जुना टॉवेल घातलेला. मला वाटलं, काहीतरी टोलवतील. पण ते खाली बसले आणि एखादी फाइल वाचावी तसं सांगून टाकलं. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, असं मला तेव्हा वाटून गेलं.

टीव्हीवर बातम्या सांगणारा माणूस कागद आधी डोळ्यांखालून घालतो. मुखेडकर कधीच घालत नसत. तिथेही फर्स्ट टच. कागद आला की वाचायचा, अर्थ मागाहून कळला तर कळला. आणि पहिल्याच दिवशी त्यांना शिकवलेलं होतं, शेवटचं वाक्य झालं की कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, आणि लाल दिवा विझेपर्यंत ते हसू धरून ठेवायचं. बारा वर्षांपूर्वी एका दुपारी बातम्या संपता संपता बाजूनं एक चिठ्ठी आली. मुखेडकरांनी ती वाचली. शहराचे जुने खेळाडू मुनीर साब यांचं आज सकाळी निधन झालं. वाक्य संपलं आणि ते हसले.

"वाचलं मीच," ते म्हणाले. "पण ऐकू आलं हसल्यावर. तोंड तसंच राहिलं, ताई. दिवा विझंचना. चार सेकंद असतील. मुनीर मेला म्हणून सांगायलोय आणि दात दाखवायलोय."

त्यानंतर मुखेडकर स्टुडिओतून उठले ते पुन्हा गेले नाहीत. त्याच दिवशी चारनंतर मुनीरची मिट्टी, म्हणजे दफन, होतं. घर अफझलगंजला, स्टुडिओपासून दहा मिनिटांवर. तिथेही ते गेले नाहीत. कोणत्या तोंडानं जाऊ, असं त्यांना वाटलं. सगळ्या घरानं ते हसू बघितलं असणार. पुढे दर वर्षी ईदला ते अफझलगंजच्या त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायचे आणि परत यायचे. भाभी, म्हणजे मुनीरची बायको, माफ करतील का, एवढा एकच प्रश्न या माणसानं बारा वर्षं उराशी धरला होता. आणि मी त्यांना मानेचे व्यायाम सुचवत होते. मला स्वतःची लाज वाटली.

मी म्हटलं, जाऊन विचारा तरी. ते नाही म्हणाले. पुढचे दोन-तीन महिने मी टोचत राहिले आणि ते नाही म्हणत राहिले.

मग गेल्या महिन्यात एका सकाळी तेच आमच्या दारात आले. जुन्या खेळाडूंपैकी कुणाचा तरी फोन आला होता. भाभी अफझलगंजचं घर रिकामं करत होत्या. मुलगी जेद्दाहला असते, तिच्याकडे कायमच्या निघाल्या होत्या. गुरुवारचं विमान होतं. आणि त्या दिवशी मंगळवार होता.

"तुम्ही चला सोबत," मुखेडकर म्हणाले.

मी म्हटलं, मी कशाला, माझी त्यांची ओळखही नाही.

"तुम्ही पुण्याच्या. तुम्ही समोर असलात की मला हसू येत नै."

हे ते अगदी गंभीरपणे म्हणाले. मी रजा टाकली.

निघण्याआधी त्यांनी माफीचा मजकूर एका कागदावर लिहून काढला. उर्दू वळणाचा, देवनागरीत, सुबक मराठी शाळेच्या अक्षरात. आणि मग या माणसानं तो कागद तीन वेळा वाचला. रिक्षात चौथ्यांदा वाचला. अफझलगंज जवळ आलं तेव्हा ओठ हलत होते. मला म्हणाले, एक शब्द खटकायला, 'गुस्ताखी' लई भारी होतंय का? मी म्हटलं, राहू दे, छान आहे. मला उर्दूतलं ओ का ठो कळत नाही.

जिना अरुंद होता. गुडघ्यामुळे मुखेडकर एकेक पायरी दोन्ही पायांनी चढले. दार उघडंच होतं. आत खोके, दोरीनं बांधलेल्या गाद्या, भिंतीवर खिळ्यांच्या खुणा. मधोमध एका पेटीवर सत्तरीच्या बाई बसल्या होत्या, डोक्यावरून ओढणी घेतलेल्या. त्यांनी वर बघितलं आणि फक्त "डिगू" म्हणाल्या. विचारल्यासारखंही नाही आणि बोलावल्यासारखंही नाही.

मुखेडकर बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी खिशातून कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. पाठ झालेला कागद ते वाचत होते. आवाज टीव्हीवरचाच, खर्जातला, स्वच्छ. भाभी, उस रोज मुझसे जो गुस्ताखी हुई, वगैरे वगैरे. मी कोपऱ्यात वेताच्या मोड्यावर बसून खोक्यांवरची नावं वाचत राहिले, कारण दोघांपैकी कुणाकडेही बघवत नव्हतं.

कागद संपला. 

"कौन सी हँसी?" भाभींनी विचारलं.

मुखेडकरांनी सांगितलं. टीव्हीवर, त्या दुपारी, बातमी वाचून झाल्यावर.

"उस रोज घर में मय्यत थी, भई. टीवी कौन देखता? तुम हँसे की रोए, हम को क्या मालूम."

मुखेडकरांनी कागद खाली घेतला. मला वाटलं, सुटला बिचारा. बारा वर्षांचं ओझं होतं आणि ते मुळात नव्हतंच. आता दोघं रडतील, चहा होईल आणि आम्ही घरी जाऊ. इतकी वर्षं चुका शोधण्यात घालवूनही मला खरी चूक दिसली नव्हती.

भाभींनी ओढणी सारखी केली.

"मैं बेवा, इद्दत में पर्दे के पीछे बैठी थी. एक एक को पूछती रही, डिगू आया क्या, डिगू आया क्या. पूरी टीम आई. तुम हमारे घर का गोश्त नै खाते, इसलिए तीसरे दिन जियारत को तुम्हारी दाल अलग पतीले में बनवाई मैं. चालीसवें को भी बनवाई." आवाज चढलेला नव्हता. "उसके बाद नै बनवाई."

खाली रस्त्यावर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याचं पिपाणं बराच वेळ वाजत राहिलं. मुखेडकरांनी कागदाची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा घडी केली. मग विचारलं, भाभी, कल आऊँ? त्यावर भाभी म्हणाल्या की स्वयंपाकघर परवाच बांधून झालं, भांडी शेजारच्यांना वाटून टाकली, आता त्यांचंच जेवण शेजारून येतं. बोल के आते तो कुछ रखती. हे त्या टोमण्यानं म्हणाल्या नाहीत. टोमणा असता तर बरं झालं असतं.

शेजारच्या घरून कपबशा मागवून त्यांनी आम्हाला चहा दिला. आम्ही प्यायलो. निघताना त्यांनी मुखेडकरांना गुडघ्याचं विचारलं, तेल कोणतं लावतोस ते विचारलं आणि जिना सांभाळून उतरायला सांगितलं. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मुखेडकरांनीही पुन्हा मागितली नाही.

परतीच्या रिक्षात ते माझ्याकडे न बघता बाहेर बघत बसले होते.  अफझलगंज मागे पडलं, कोठीची गर्दी लागली. आज वळसा घ्यायला सांगायचं ते विसरले होते, आणि रिक्षा त्या दातांच्या दवाखान्याच्या गल्लीतून चाललीय हे त्यांना दिसत नव्हतं.

"ताई," ते म्हणाले, "त्या दिवशी मी तसाच हसत हसत जरी तिच्या दारात गेलो असतो ना, तरी तिनं आधी मला जेवायलाच वाढलं असतं."

मी हो म्हटलं.